विसाव्या घराण्याचे फेरो आणि त्यांचे कारागीर



राजघराण्याचा इतिहास सांगायचा म्हणजे लढाया आणि देवळे मोजायची, अशी रीत आहे. मी शाळेत फार शिकलेलो नाही. कामगारांच्या मागण्या लिहिण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा इजिप्तच्या विसाव्या घराण्याकडे मी धान्याच्या कोठाराच्या दारातून पाहणार आहे.

सेतनख्त हा या घराण्याचा मूळ पुरुष. त्याच्यामागून आलेल्या नऊही फेरोंचे नाव रामसेस. त्यांत खरा कर्ता एकच, तिसरा. समुद्रावरून चालून आलेल्या टोळ्यांना त्याने आठव्या वर्षी परतविले आणि तो पराक्रम मेदिनेत हाबूच्या भिंतींवर कोरवून घेतला.

फेरोंची थडगी खोदणारे पाथरवट नि चितारी नाईलच्या पश्चिम तीरावर, थीब्जच्या समोर राहत. त्या वस्तीला आज देर अल-मदीना म्हणतात. जागा ओसाड, पाणीसुद्धा गाढवांवरून यायचे. पगार धान्यात मिळे: महिन्याला चार पोती खपली गहू आणि दीड पोते सातू. मुकादमाला एकूण साडेसात पोती. मुकादम आणि कारागीर यांत अंतर एवढेच, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल!

तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, हे धान्य थकले. अठरा दिवस वाट पाहून कारागीर हत्यारे ठेवून निघाले. स्मशानभूमीचे पाच तट ओलांडून ते एका देवळामागे जाऊन बसले. पुढे दुसऱ्या रामसेसच्या देवळाकडे वळले. देवळेच का? कोठारे तिथेच होती! कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, फेरोला कळवा, असे त्यांचे म्हणणे. राजाविरुद्ध अवाक्षर नाही. तरी काम बंद! हा सारा वृत्तांत एका पपायरसवर लिहिलेला असून तो इटलीत तुरीन येथे आहे. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप मानतात.

वजीर तो याने कोठारे रिकामी असल्याचे सांगून अर्धा शिधा दिला. नगरप्रमुखाने पन्नास पोती देऊ केली, तर देवाच्या नैवेद्याचे धान्य कारागिरांना चारतो म्हणून आमोनच्या मुख्य पुजाऱ्याने त्याच्यावरच ठपका ठेवला. हा पुजारी मला फार ओळखीचा वाटतो.

धान्य खरोखरच नव्हते काय? याच राजाने देवळांना दिलेल्या दानांची यादी हॅरिस पपायरसवर आहे. तिची लांबी चाळीस मीटरहून अधिक. जमिनी, गुरे, माणसे, धान्य. आणि सिंहाचा वाटा आमोनचा.

पुढे जनानखान्यात कट झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण तपासणीत राजाच्या ममीचा गळा खोलवर चिरलेला आढळला. नंतरच्या रामसेसांच्या कारकिर्दीत शिधा वारंवार थकला, संप वारंवार झाले. नवव्या रामसेसच्या १६ व्या वर्षी पकडलेल्या पाथरवटांनी, मार खाऊन का होईना, जुन्या राजाचे थडगे फोडून सोने वाटून घेतल्याचे कबूल केले.

अकराव्या रामसेसच्या वेळी थीब्जमध्ये मुख्य पुजाऱ्याचीच सत्ता चालू लागली. कारागीर वस्ती सोडून मेदिनेत हाबूच्या तटाआड राहायला गेले होते. राजांच्या खोऱ्यात या शेवटच्या रामसेससाठी खोदायला घेतलेले थडगे अर्धवटच राहिले.