अहिल्याबाईंचे धैर्य

भरतपूरजवळच्या कुंभेर किल्ल्याला १७५४ साली मराठ्यांचा वेढा पडला होता. सूरजमल जाटाच्या त्या किल्ल्यावरून सुटलेला तोफेचा गोळा मल्हारराव होळकरांच्या एकुलत्या एका मुलाला, खंडेरावाला, लागला आणि तो ठार झाला. खंडेरावाच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनीही सहगमनाची सिद्धता केली. परंतु मल्हारराव आडवे आले. मुलगा गेला, आता सूनही गेली तर म्हाताऱ्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे, असा त्यांच्या विनवणीचा आशय सांगतात. अहिल्याबाई मागे फिरल्या. चितेवर चढण्याला त्या काळी धैर्य म्हणत. मागे फिरण्याला काय म्हणावे, हे मात्र कोणी ठरवून ठेवले नव्हते.

सुनेचे दुःख हलके व्हावे म्हणून सासऱ्यांनी तिला कारभारात गुंतवले, असे म्हणणे थोडे भाबडेपणाचे होईल. मल्हाररावांची उभी हयात स्वारीशिकारीत गेली होती. त्यांना मागची बाजू सांभाळणारे भरवशाचे माणूस हवे होते आणि ते घरातच सापडले. १७६५ सालच्या त्यांच्या पत्रात चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, मोठा तोफखाना जवळ ठेवावा, दारूगोळ्याची तजवीज करावी, अशा आज्ञा आहेत. एखाद्या अनुभवी सरदाराला लिहावे तसे हे लिहिणे आहे.

१७६६ साली मल्हारराव वारले. गादीवर आलेला मुलगा मालेराव वर्षाच्या आतच, १७६७ साली, गेला. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तक मुलाला गादीवर बसवून सत्ता आपल्या हाती घ्यावयाचा घाट घातला आणि त्यासाठी राघोबादादांना माळव्यात बोलावले. मुलाच्या मृत्यूचे दुःख ताजे असताना अहिल्याबाईंनी इतर मराठा सरदारांना मदतीची पत्रे धाडली आणि सैन्य सज्ज केले. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी त्यांचीच बाजू उचलून धरली. तेव्हा आपण तर मालेरावाच्या समाचाराला आलो होतो, असे सांगण्याची पाळी दादांवर आली. लष्कराची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार आपल्याकडे, अशी वाटणी करून बाईंनी महेश्वरास जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्य केले. पूजापाठ आणि भोजन उरकल्यावर दुपारी दरबार भरे, तो सायंकाळपर्यंत चाले. रात्री पुन्हा काही वेळ कामकाज होई. कारभारातली ही नियमितता वरून रुक्ष वाटते, पण रयतेला तिचाच आधार होता.

हातात शिवलिंग घेतलेली, शांत मुद्रेची अहिल्याबाई चित्रांतून आणि पुतळ्यांतून सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र १७९१ साली नर्मदेच्या काठी लोकांनी पाहिलेली अहिल्याबाई त्या चित्रात मावत नाही. कन्या मुक्ताबाईचा एकुलता मुलगा आधीच दगावला होता. आता जावई यशवंतराव फणसे निवर्तले. मुक्ताबाई सती जायला निघाली. सदतीस वर्षांपूर्वी जी विनवणी स्वतः ऐकली होती, तीच आता बाईंनी मुलीपुढे केली. राज्याची स्वामिनी असूनही त्यांनी हुकूम केला नाही, पदर पसरला. मुक्ताबाईने शांतपणे उत्तर दिले. आई वृद्ध आहे, ती काही वर्षांत जाईल. नंतर मागे राहणारीने कोणासाठी जगावे? शिवाय मानाने मरण्याची वेळ तोवर निघून गेलेली असेल. कुंभेरला म्हाताऱ्या सासऱ्याचे गाऱ्हाणे सुनेने ऐकले होते. महेश्वरला म्हाताऱ्या आईचे मुलीने ऐकले नाही. बाईंचा तो एकच अर्ज फेटाळला गेला, असे म्हणावे लागते.

पुढची हकीकत सर जॉन माल्कम याने नोंदली आहे. तो ब्रिटिश सेनानी. १८१८ नंतर माळव्याची व्यवस्था लावताना त्याने जुन्या माणसांकडून या गोष्टी विचारून घेतल्या आणि १८२३ साली प्रसिद्ध केल्या. बाई मुलीबरोबर चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. पहिली ज्वाला उठेपर्यंत त्या कशाबशा उभ्या होत्या. मग मात्र त्यांचा बांध फुटला. त्यांनी हंबरडा फोडला आणि धरलेले हात सुटत नाहीत म्हणून त्या तेच हात दातांनी चावू लागल्या. दहन आटोपल्यावर त्यांनी नर्मदेत स्नान केले, वाड्यात परतल्या आणि तीन दिवस जवळजवळ अन्नपाण्यावाचून, एक शब्दही न बोलता बसून राहिल्या.

ही हकीकत माल्कमने बाईंना उणेपणा आणण्यासाठी लिहिलेली नाही; तिच्या आधीची आणि नंतरची त्याची पाने त्यांच्या गौरवाने भरलेली आहेत. त्यांचे पुष्कळ चरित्रकार मात्र हा प्रसंग दोन ओळींत आटोपतात, जणू आकांताने त्यांच्या थोरवीला डाग लागतो. वास्तविक आयुष्यभर आवरून धरलेले दुःख त्या दिवशी अनावर झाले, यात लपवण्यासारखे काय आहे?

चौथ्या दिवसापासून काय घडले, याचा तपशील माल्कम देत नाही. गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू बांधण्यात बाईंनी मन रमवले, एवढेच तो सांगतो. राज्याची सूत्रे त्यांनी सोडली नाहीत. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरास त्यांचे देहावसान झाले, तोवर दौलतीचा कारभार त्यांच्याच हाती होता.