काकूचा ‘हिस्टेरिया’

आमच्या मालवणच्या घरी धाकट्या काकूला झटके येत. बोलता बोलता ती आडवी होई, दातखीळ बसे, आणि घरात धावाधाव उडे. कोणी कांदा फोडून नाकाशी धरी, कोणी वहाण. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, ‘हिस्टेरिया’. काका मुंबईस गिरणीत होते. तेव्हा नवरा जवळ नाही म्हणून बाई सोंग करते, असा अर्थ सर्वांनी लावला. सोंगाला औषध कसले? एकदा ती चुलीवरच पडली आणि तिचा डावा हात भाजला.

मोठेपणी मी त्या शब्दाचा माग काढला. ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यकग्रंथांत असे मानले आहे की गर्भाशय जागा सोडून वर सरकते आणि बाईचा श्वास कोंडतो. उपाय काय, तर नाकाशी दुर्गंधी वस्तू धरून त्याला खाली हाकलणे, आणि मुलगी कुमारिका असल्यास तिचे लग्न लावून देणे! मला आमचा कांदा आठवला. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हे तर भगिनींनो, आपण सर्वांनीच ऐकले आहे.

आपल्या चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार आहेत. ते दोषांवरून पाडलेले, स्त्री-पुरुष असे नव्हेत. पण पुढे हिस्टेरियाला प्रतिशब्द म्हणून ‘योषापस्मार’ रूढ झाला. योषा म्हणजे स्त्री. रोगाच्या नावातच बाई येऊन बसली.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को भरल्या सभेत रुग्ण स्त्रियांचे झटके दाखवीत. हा विकार पुरुषांनाही होतो हे त्यांनीच सांगितले होते, पण ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. १८९५ साली ब्रॉयर व फ्रॉइड यांनी त्याचे मूळ मनावरील आघातात शोधले. मग १९१४ चे महायुद्ध आले. खंदकांतले जवान थरथरू लागले, कित्येकांची वाचा गेली. त्यांच्या दुखण्यास नाव मिळाले ‘शेल शॉक’. बाईला गर्भाशयाचे नाव, शिपायाला तोफगोळ्याचे! आपल्याकडे तरी काय, देवळात पुरुषाच्या अंगात अवसर आला की आपण हात जोडून गाऱ्हाणे घालतो. घरात सून घुमली की सोंग.

१९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगसूचीतून हिस्टेरिया हे नाव काढून टाकले. झटके खोटे ठरले असे मात्र नव्हे. मनावरील ताणातून येणारे झटकेही खरे दुखणे मानले जातात, त्यांना उपचार आहेत, आणि ते पुरुषांनाही येतात. काही जणींना तर मुळात फेफरेच असते. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि कांदा स्वयंपाकासाठी ठेवावा.

काकूला फेफरेच होते. १९६८ साली काकांनी तिला मुंबईस नेले. तेथे मेंदूचा आलेख काढला आणि फेनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या. हे औषध फेफऱ्यावर १९१२ पासून वापरात होते, म्हणजे काकूच्या जन्माआधीपासून. झटके थांबले. आजीने मात्र तिला पुढेही कधी एकटीला चुलीपाशी बसू दिले नाही. काकू परत आली त्या रात्री आजी तिच्या भाजल्या हाताला खोबरेल चोळीत बसली होती. व्रण तर केव्हाच सुकलेला होता.