पुनर्लेखन हा अपराध नव्हे

प्रसिद्ध झालेली कृती वाचकांची होते. लेखकाने मागाहून तिला हात लावणे हा विश्वासघात, असे अनेकांचे मत आहे. पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांचा. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये नायकांपैकी एक हान सोलो त्याला धरायला आलेल्या ग्रीडोला थेट गोळी घालतो, १९९७च्या आवृत्तीत आधी गोळी झाडतो ग्रीडो. एवढ्या एका फेरफाराने बेडर हानची सारी धार गेली. १९८८मध्ये जुन्या चित्रपटांच्या रंगीकरणाविरुद्ध अमेरिकी काँग्रेसपुढे बोललेल्या लुकस यांनीच हे करावे, हा आक्षेप रास्त आहे.

पण एका वाईट दुरुस्तीवरून दुरुस्तीचा हक्कच कसा नाकारता येईल?

‘पहिले रूप तेच अस्सल’, हा पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा. टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीचे पाचवे प्रकरण पाहा. १९३७च्या आवृत्तीत नायक बिल्बोशी कोड्यांचा डाव हरलेला गोलम हा प्राणी आपली जादूची अंगठी बक्षीस म्हणून द्यायला राजी असतो, ती सापडत नाही म्हणून माफीही मागतो. १९५१च्या आवृत्तीत तोच गोलम बिल्बोला चोर म्हणून शिव्याशाप देतो. ज्या अंगठीचा मोह माणसाला पोखरतो, ती कोणी राजीखुशीने कशी देईल? याच अंगठीवरची पुढची कादंबरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ उभी राहायला हा बदल अटळ होता. जुनी हकिगतही टोल्किन यांनी पुसली नाही. बिल्बोने आधी सांगितलेली खोटी कथा म्हणून तिला कथेतच जागा दिली. अस्सल रूप दुसरे ठरले.

‘प्रकाशनाबरोबर लेखकाचा अधिकार संपतो’, हा दुसरा मुद्दा. फ्रेंच निबंधकार माँतेन्य यांचे निबंध १५८०मध्ये निघाले, १५८८मध्ये वाढले, आणि त्या छापील प्रतीच्या समासांत ते १५९२मध्ये मरेपर्यंत भर घालत राहिले. अभ्यासू आवृत्त्यांत हे तिन्ही थर खुणांनी वेगळे दाखवतात. यात वाचकाचे काय गेले? उलट एका मनाची वाढ त्याला पानोपान तपासता येते.

मग लुकस यांचा दोष कोणता? त्यांनी बदल केला, हा नव्हे. मूळ चित्रपट त्यांनी वर्षानुवर्षे दुर्मीळ करून ठेवला, हा. वाचकाचा हक्क जुन्या प्रतीवर आहे, लेखकाच्या लेखणीवर नाही. जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवा आणि खुशाल नवी लिहा. दोन्ही समोर असतील, तर श्रेष्ठ कोणती याचा निवाडा करायला वाचक समर्थ आहे. त्याच्या वतीने लेखकाचे हात बांधण्याचा अधिकार कोणालाही नाही.