लिनक्स संगणकावरील हार्ड डिस्कची मंदगती : कारणमीमांसेचा इतिहास

हार्ड डिस्क मंदावली म्हणजे ती झिजली, असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. लिनक्सच्या इतिहासाकडे पाहता तो घाईचा ठरतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे आरंभिलेल्या या प्रणालीत मंदगतीची जी कारणे उघडकीस आली, त्यांतील कित्येक यंत्राच्या जीर्णतेत नसून पूर्वी विचारपूर्वक केलेल्या व्यवस्थांत दडलेली होती. प्रस्तुत लेखात अशा तीन कारणांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

पहिले कारण माहितीच्या वहनाचे. १९९०च्या दशकातील आयडीई डिस्कवरून माहिती आणण्याच्या दोन रीती होत्या. पीआयओ रीतीत प्रत्येक शब्द प्रोसेसर स्वतः वाहून आणी. डीएमए रीतीत माहिती त्याच्या मध्यस्थीविना स्मृतीत उतरे. दुसरी रीत उघडच श्रेयस्कर. तथापि तत्कालीन अनेक लिनक्स संगणकांवर ती आरंभी बंद असे. काही नियंत्रक चिप सदोष होत्या आणि त्यांवर डीएमए चालविल्यास माहिती भ्रष्ट होण्याचा धोका होता. मार्क लॉर्ड यांच्या ‘एचडीपार्म’ या आज्ञेने ही रीत सुरू करता येई. ज्यांचा नियंत्रक निर्दोष होता, तेही या सावधगिरीपायी मंदगती सोशीत राहिले.

दुसरे कारण मागण्यांच्या क्रमाचे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचनशीर्ष हलविण्याचा वेळ निराळा. एखादा प्रोग्रॅम लगतचाच पुढील भाग मागणार असतो, परंतु मागणी येण्यास किंचित विलंब होतो. तेवढ्यात शीर्ष दुसऱ्याच्या कामासाठी दूर जाते आणि येरझाऱ्या सुरू होतात. सीताराम अय्यर व पीटर ड्रुशेल यांनी २००१ साली या ‘फसव्या निष्क्रियते’चे विवेचन करून असा उपाय सुचविला, की शीर्षाने क्षणभर तेथेच थांबावे. डिसेंबर २००३ मधील २.६ कर्नलने हे तत्त्व स्वीकारले. थांबण्याने गती वाढावी, हे वरवर विपरीत वाटते. परंतु वाचलेल्या येरझाऱ्यांचा हिशेब मांडला की त्याचा उलगडा होतो. २००६ साली २.६.१८ मध्ये सीएफक्यू हा निराळा नियोजक मूलनियुक्त झाला. पुढे शीर्षच नसलेल्या एसएसडी आल्या आणि मूळ गृहीतकच डळमळले, २०१९च्या ५.० कर्नलमधून जुनी एकेरी रांगेची व्यवस्था काढून टाकण्यात आली.

तिसरे कारण सीमारेषेचे. जुन्या भूमितीनुसार पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करण्याचा प्रघात होता. सेक्टर ५१२ बाइटांचा होता तोवर त्याने काही बिघडले नाही. २०१०च्या सुमारास ४,०९६ बाइटांचे भौतिक सेक्टर प्रचारात आले. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६. या संख्येस ४,०९६ ने निःशेष भाग जात नाही. परिणामी प्रत्येक ठोकळा दोन सेक्टरांवर पसरू लागला, आणि तो लिहिण्यापूर्वी ते दोन्ही वाचणे डिस्कला भाग पडले. २,०४८व्या सेक्टरपासून आरंभ करताच हा दोष नाहीसा होतो.

यावरून शोधाचा क्रम निश्चित होतो. प्रथम माहितीची प्रत अन्यत्र काढावी. कारण मंदगती कधी कधी खरोखरच आसन्न नाशाची सूचना असते. नंतर कर्नलची नोंदवही व डिस्कचा स्मार्ट अहवाल पाहावा. वहनात वारंवार चुका आढळल्यास कर्नल आपण होऊन वेग उतरवितो. त्या नोंदी न वाचता वेग पुन्हा चढविणे म्हणजे इशारा देणाऱ्याचेच तोंड बंद करणे होय. मोजमाप त्यानंतर. येथे साक्षीची पारख आवश्यक आहे: एचडीपार्मची मोठ्या टी-अक्षराची चाचणी केवळ स्मृतीतील साठ्याचा वेग सांगते, लहान टी-अक्षराची प्रत्यक्ष डिस्कचा. पहिलीचा आकडा डिस्कच्या नावे मांडल्यास सारे अनुमानच कोसळते.

या तिन्ही कारणांचे उपाय परस्परांहून भिन्न आहेत, आणि नवी डिस्क घेणे हा त्यांपैकी एकाचाही खात्रीचा उपाय नव्हे. सदोष केबलवर नवी डिस्कही तितकीच मंद चालेल.