फुरसुंगीचा मुलगा, पुण्याचा वाचक : ‘फास्टर फेणे’ चित्रपटाच्या स्वीकाराविषयी

दि. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि भा. रा. भागवतांच्या (१९१०–२००१) वाचकवर्गात सरळ दोन तट पडले. बनेश फेणे पडद्यावर आला याचाच एका तटाला हर्ष होता. आलेला तरुण फेणेच नव्हे, अशी दुसऱ्याची तक्रार होती. त्यानंतर सातच आठवड्यांनी, १५ डिसेंबर रोजी, ‘स्टार वॉर्स’ या विज्ञान-अद्भुत चित्रमालेतील ‘द लास्ट जेडाय’ आला आणि तेथेही तेच झाले. समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली, तिकीटबारीवर त्याने अब्जाहून अधिक डॉलर मिळवले. परंतु १९७७पासून मालेशी बांधले गेलेले अनेक चाहते दुखावले. १९८३च्या चित्रपटात विजयी झालेला ल्यूक स्कायवॉकर येथे एका बेटावर विन्मुख होऊन बसलेला वृद्ध आहे; हाती दिलेले प्रकाशखड्ग तो खांद्यावरून मागे भिरकावून देतो. या एका कृतीवर जेवढा वाद झाला, तेवढा कथानकातील मोठमोठ्या घडामोडींवर झाला नाही.

या दोन घटनांच्या आकारमानात तुलना संभवत नाही. परंतु मालिकेच्या वाचकाचे स्वरूप समजून घेण्यास त्या एकमेकींच्या शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते. हान्स रॉबर्ट याउसने १९६७मध्ये कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात अपेक्षाक्षितिजाची संकल्पना मांडली, तेव्हा त्याच्यासमोर प्रामुख्याने अभिजात वाङ्मयकृती होत्या. श्रेष्ठ कृती वाचकाचे क्षितिज विस्तारते. जी त्याला धक्का न लावता केवळ तृप्त करते, ती पाककलेच्या जातीची, अशी त्याची विभागणी. या विभागणीत मालिका-वाङ्मयाची वासलात एका वाक्यात लागते. मराठी समीक्षेनेही बालवाङ्मयाची वासलात बहुधा अशीच लावली आहे. मात्र मालिकेच्या वाचकाचे क्षितिज समकालीन वाङ्मयीन संकेतांनी घडत नाही, ते त्याच्या स्वतःच्या वयाने घडते, ही गोष्ट या विभागणीतून निसटते. दहाव्या वर्षी वाचलेला फेणे चाळिसाव्या वर्षी दहा वर्षांच्या वाचकाचाच फेणे असतो. मध्यंतरी वाचक वाढला, फेणे वाढला नाही. आणि हा जणू दोघांमधला करार होता.

चित्रपटाने हा करार मोडला. पटकथाकार क्षितिज पटवर्धन यांनी फेणेला शाळेतून बाहेर काढून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या उंबरठ्यावर आणले. अमेय वाघ यांनी रंगवलेला हा फेणे परीक्षेसाठी पुण्यात येतो; तेथे ओळख झालेल्या एका परीक्षार्थीचा मृत्यू होतो, तो आत्महत्या म्हणून मिटवला जातो, आणि फेणे त्याच्या मुळाशी जाताना परीक्षेतील गैरव्यवहाराच्या यंत्रणेपर्यंत पोचतो. पुस्तकांतील फेणे सायकलवरून सुसाट सुटणारा, विद्याभवन शाळेत शिकणारा, सुट्टीत प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत कुठेही जाऊन संकटात सापडणारा मुलगा आहे. ‘गुलमर्गचे गूढ’ उकलणाऱ्या त्या पोराला मोबाईल हाती घेतलेल्या, शहरातल्या रात्री धुंडाळणाऱ्या तरुणाच्या रूपात पाहताना जुन्या वाचकाला चुकल्यासारखे वाटले, यात नवल नाही.

तथापि ‘मूळ संहितेशी अप्रामाणिकपणा’ हा आक्षेप भागवतांच्या बाबतीत फार जपून घ्यावा लागतो. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांच्या हाती देणारे भागवत स्वतःच मोठे रूपांतरकार होते. धूमकेतूवरील प्रवासाची व्हर्नची कादंबरी त्यांच्या हाती ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ झाली. केवळ या नावातच सगळा स्वभाव दिसतो : अंतराळातील एक पिंड, आणि त्याच्यापुढे मराठी पत्रलेखनातला घरगुती ‘मुक्काम’! मराठी वाचकाने व्हर्नच्या वतीने कधी तक्रार केली नाही. कारण व्हर्न त्याच्या बालपणाचा भागच नव्हता, त्याचा भाग होते ते भागवत. निष्ठा संहितेवर असते असे आपण म्हणतो खरे, पण ती पुष्कळदा पहिल्या भेटीवर असते. माध्यमांतर म्हणाल, तर तेही २०१७मध्ये प्रथम घडले नव्हते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर फेणेची मालिका झाली होती आणि सुमीत राघवन यांनी ती भूमिका केली होती. त्या फेणेविषयी एवढी तेढ उद्भवली नाही, कारण तो मुलगाच राहिला होता.

‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत पहिल्या भेटीवरची ही निष्ठा एका संस्थेच्या ताब्यात गेलेली आहे. डिस्नेने २०१२मध्ये लुकासफिल्म विकत घेतल्यानंतर, एप्रिल २०१४मध्ये, तोवर प्रसिद्ध झालेल्या मालेतील कादंबऱ्या व चित्रकथा ‘लेजंड्स’ या शीर्षकाखाली अधिकृत कथेबाहेर काढण्यात आल्या. काय घडले आणि काय घडलेच नाही, हे एका कंपनीने जाहीर केले. चाहत्यांचा २०१७चा संताप केवळ ल्यूकच्या वागण्यावर नव्हता. ज्या स्मृतीचे आपण मालक आहोत असे ते समजत होते, तिच्यावर दुसऱ्याचा शिक्का असल्याची ती जाणीव होती. २०१९च्या पुढील चित्रपटाने ‘द लास्ट जेडाय’मधील काही निर्णय मागे घेतले, तेव्हा आधी सुखावलेले चाहतेही नाराज झाले. मराठीत असा शिक्का कोणाच्याच हाती नव्हता. पुस्तके कपाटात होती तशीच राहिली.

फेणे-चित्रपटकर्त्यांना हे अवघडलेपण ठाऊक होते, असे मानण्यास जागा आहे. त्यांनी चित्रपटात भागवत नावाचा वृद्ध लेखकच आणला आणि दिलीप प्रभावळकरांना ती भूमिका दिली. चिं. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनवर साकारणारा हा नट स्वतःच मराठी पुस्तकातून पडद्यावर जाण्याच्या इतिहासाचा एक अंश आहे. लेखकाला पात्राच्या शेजारी बसवून चित्रपट जणू त्याची संमती घेतो. ही युक्ती गोड असली, तरी तिने प्रश्न सुटत नाही. संमती हवी होती ती वाचकाची.

खरा बदल वयाचा नाही, दुष्टतेच्या जागेचा आहे. साहसकथेत दुष्ट माणूस बाहेरून येतो. शाळा, घर, मित्रांची टोळी ही सुरक्षित असतात; मुलगा त्या कुंपणाबाहेर पडतो आणि जिंकून परततो. चित्रपटात कुंपणच पोखरलेले आहे. ज्या शिक्षणव्यवस्थेने विद्याभवन उभे केले, तिच्याच पोटात गिरीश कुलकर्णी यांनी रंगवलेला अप्पा बसला आहे. येथे परतण्यासाठी सुरक्षित जागा उरत नाही, आणि म्हणून फेणेचा खोडकर आनंदही फारसा उरत नाही. हे या चित्रपटाचे वास्तविक नुकसान आहे, आणि जुन्या वाचकाच्या हळहळीत जे सत्य आहे ते हेच. पण त्याचे सामर्थ्यही त्याच ठिकाणी आहे, हे हळहळणारा वाचक पाहत नाही.

कारण हा वाचक बहुतांशी शहरी मध्यमवर्गीय आहे आणि त्याने फेणेला नकळत आपल्या पुण्याचा करून घेतले आहे. फेणे मात्र फुरसुंगीचा. शिकण्यासाठी शहरात आलेला, गावाचे नाव पाठीवर वागवणारा मुलगा ही त्याची मूळ ओळख आहे. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ असे पुस्तकाचे नावच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरा या ऊसपट्ट्यातील गावाच्या बाजूने हा चित्रपट पाहिला, तर त्याचा अर्थ बराच बदलतो. ज्या प्रवरेचे नाव या गावाला चिकटले आहे, तिच्याच परिसरात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी पन्नासच्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९८४मध्ये तेथेच ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. उसाच्या पैशातून डॉक्टरकीचे स्वप्न एका पिढीत शेताच्या बांधापर्यंत येऊन पोचले. अशा टापूत वैद्यकीय प्रवेशपरीक्षा हा पटकथेने शोधलेला बाहेरचा विषय ठरत नाही. घरातल्या जेवणाच्या वेळी बोलला जाणारा तो विषय आहे. परीक्षेसाठी पुण्यात उतरलेला, पत्ता विचारत फिरणारा मुलगा येथे कोणाला परका वाटण्याचे कारण नाही. स्मृतीच्या दृष्टीने ज्याला फेणेचा ऱ्हास म्हटले गेले, तो या दृष्टीने फेणेचा परतीचा प्रवास आहे.

याचा अर्थ हा वाचक बरोबर आणि तो चूक, असा नव्हे. ‘ट्टॉक्’ या फेणेच्या खास उद्गाराचेच पाहावे. कागदावर ती जोडाक्षराची एक विचित्र आकृती आहे. ती प्रत्येक मुलाने आपापल्या टाळूला जीभ लावून सोडवली आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा झाला. चित्रपटाला त्यातला एकच आवाज निवडावा लागतो. निवडलेला आवाज कितीही चांगला असला, तरी उरलेले सगळे त्या क्षणी खोटे ठरतात. ही हानी कोणत्याही कौशल्याने टळणारी नाही. ज्यांनी पुस्तक न वाचता तो उद्गार प्रथम चित्रपटगृहातच ऐकला, त्यांच्यासाठी मात्र गमावण्यासारखे काही नव्हते; त्यांची पहिली भेट तीच.

चित्रपट आला त्याच ऑक्टोबर २०१७मध्ये फुरसुंगी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. म्हणजे फेणे पडद्यावर गावाहून पुण्याला निघाला, तेव्हा कागदोपत्री ते गाव पुणेच झाले होते. पुढे शासनाने निर्णय फिरवला आणि २०२४मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची या गावांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. देवळाली प्रवरेप्रमाणेच आता फेणेच्या गावालाही स्वतःची नगरपरिषद आहे.