प्राथमिक वर्गातील संगीतशिक्षण आणि तंत्रज्ञान : पीण्यापासून वर्गखोलीपर्यंत

बंगळूरु शहराच्या वायव्येस पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र यंत्रांचे सुटे भाग, विद्युत उपकरणे आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींमध्ये त्याची गणना होते. या परिसराचा शिक्षणाशी असलेला संबंध मात्र फारसा परिचित नाही. भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट' याच वसाहतीतील साध्या शेडमध्ये तयार झाला. प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी बांधलेला, सुमारे ३६० किलो वजनाचा हा उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातून अवकाशात सोडण्यात आला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या उपग्रह नियंत्रण जाळ्याचे, म्हणजे 'इस्ट्रॅक'चे मुख्यालय आजही पीण्यातच आहे. दूरच्या शाळेपर्यंत आवाज आणि चित्र पोहोचविण्याच्या भारतीय प्रयत्नांचा मागोवा घेताना या वसाहतीचा उल्लेख म्हणूनच अपरिहार्य ठरतो.

शिक्षकाविना तास

प्राथमिक शाळेतील संगीताच्या तासासमोरचा मूळ प्रश्न शिक्षकाचा आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला दहावीपर्यंत अनिवार्य विषयाचे स्थान देण्याची शिफारस केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही शंभरपेक्षा अधिक पटसंख्या असेल तरच लागू होते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी अशी तरतूद नाही. परिणामी, ज्या वयात कान आणि गळा सर्वाधिक संस्कारक्षम असतात, त्याच वयात संगीत शिकविण्याचे काम बहुधा भाषा व गणित शिकविणाऱ्या वर्गशिक्षकाकडे येते. खाजगी शिकवणी परवडणाऱ्या कुटुंबातील मुलांना पर्याय असतो. कामगार वस्तीतील मुलांसाठी मात्र शाळेतील तास हीच संगीताची एकमेव औपचारिक ओळख ठरू शकते. तंत्रज्ञानाच्या उपयोगाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

स्वरलिपीपासून हार्मोनियमपर्यंत

सामूहिक संगीतशिक्षणासाठी साधनांचा शोध नवा नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्यांनी आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वतंत्रपणे विकसित केलेल्या स्वरलिपींमुळे गुरूच्या घरातील विद्या वर्गातील फळ्यावर आणि छापील पुस्तकात येऊ शकली. त्या काळाच्या दृष्टीने हेही तंत्रज्ञानच होते.

हार्मोनियमने शाळांत स्थान मिळविले, तेव्हा वादही निर्माण झाला. या वाद्याचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. संपूर्ण सप्तक १२०० सेंट मानल्यास त्यातील शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून नैसर्गिकरीत्या उमटणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक तयार कानाला खटकतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींनुसार स्वर देणाऱ्या हार्मोनियमसाठी प्रयत्न केले. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली. मुलांच्या कानाला यंत्र कोणता स्वर शिकविते, हा आजच्या तंत्रज्ञानासमोरचा प्रश्न असा शंभर वर्षे जुना आहे. शाळेतील इलेक्ट्रॉनिक की-बोर्डलाही तो तितकाच लागू पडतो.

उपग्रह, दूरचित्रवाणी आणि रेडिओ

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यासाठी अमेरिकेचा 'एटीएस-६' उपग्रह वापरण्यात आला. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविले गेले आणि सकाळच्या वेळी शालेय मुलांसाठी कार्यक्रम दाखविले गेले. महाराष्ट्राच्या सीमेलगतचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हेही या प्रयोगात होते. पीण्यात सुरू झालेल्या उपग्रह केंद्राचा पुढे विस्तार झाला. शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी सोडण्यात आला आणि कर्नाटकातील चामराजनगर जिल्ह्याच्या प्राथमिक शाळा त्याच्या जाळ्याशी जोडल्या गेल्या. हा उपग्रह २०१० मध्ये सेवेतून निवृत्त झाला.

महाराष्ट्रात पुण्याच्या 'बालचित्रवाणी'ने १९८४ पासून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. कर्नाटकात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'चिन्नर चुक्की' ही प्राथमिक शाळांसाठीची संवादात्मक रेडिओ मालिका प्रसारित झाली. अशा पाठांत निवेदक प्रश्न विचारून थांबतो आणि वर्गातील मुले त्या विरामात उत्तर देतात किंवा ओळ म्हणतात. गुरूने गावे आणि शिष्याने म्हणावे, या जुन्या पद्धतीशी ती मिळतीजुळती आहे.

तंबोऱ्याचे इलेक्ट्रॉनिक रूप

शाळेच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरलेल्या साधनांपैकी एक बंगळूरुमध्येच जन्मले. अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यांच्या 'राडेल' कंपनीची तंबोरा व तबल्याची यंत्रे देशभर पोहोचली. तंबोरा जुळविण्यासाठी तयार कान लागतो; हे यंत्र बटण फिरवून हव्या पट्टीत लावता येते. ज्या शिक्षकाला वाद्य वाजविता येत नाही, त्यालाही वर्गासमोर स्थिर षड्ज ठेवणे त्यामुळे शक्य झाले. आता हीच सोय मोबाइलवरील 'आयतबला' यांसारख्या अॅपमध्ये मिळते.

पट्टीची निवड मात्र शिक्षकानेच करावी लागते. पुरुष शिक्षक स्वतःच्या खालच्या पट्टीत गाऊ लागला, तर लहान मुलांचा आवाज तेथे पोहोचत नाही आणि ती गाण्याऐवजी पुटपुटू लागतात. गाणे मुलांना सोसेल अशा पट्टीत नेणे ही यंत्राची सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित सोय आहे.

पडद्यावरील स्वर

मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाची कंपने मोजून त्याचा स्वर पडद्यावर रेषेच्या रूपात दाखविणाऱ्या प्रणाली गेल्या दोन दशकांत विकसित झाल्या. बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठाच्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पात २०११ ते २०१७ या काळात भारतीय रागसंगीताचाही संगणकीय अभ्यास झाला. त्यात चेन्नईच्या आयआयटीचा सहभाग होता. या प्रकल्पातील संशोधकांनी पुढे 'रियाज' हे अॅप तयार करणारी कंपनी स्थापन केली. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांनीही हिंदुस्थानी संगीतातील स्वररेषेच्या विश्लेषणावर संशोधन केले आहे.

या साधनांची मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. चाळीस मुले एकत्र गात असताना कोणाचा स्वर चुकला, हे असे अॅप सांगू शकत नाही. ते एका वेळी एकाच गळ्यासाठी उपयोगी पडते. शिवाय रेषेकडे पाहून स्वर जुळविणारे मूल ऐकून स्वर जुळवील, असे नाही. आधी गाऊन घेणे, नंतर पडदा दाखविणे आणि शेवटी पडदा बंद करून पुन्हा गाणे, हा क्रम अधिक हितावह ठरतो. मुलांचे गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकविणे हा त्याहून साधा आणि संपूर्ण वर्गाला सामावून घेणारा उपाय आहे.

गोंगाट आणि विलंब

औद्योगिक परिसरातील वर्गासमोर गोंगाटाचा प्रश्न असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ डेसिबलपर्यंतची मर्यादा आहे, तर शांतता क्षेत्रात ती ५० डेसिबल आहे. शाळांभोवतालच्या १०० मीटरपर्यंतच्या परिसराला शांतता क्षेत्राचा दर्जा देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. या दोन मर्यादांमधील २५ डेसिबलचा फरक ध्वनीच्या तीव्रतेत ३०० पटींहून अधिक भरतो. गोंगाटावर मात करण्यासाठी ध्वनिक्षेपक मोठा केला, तर मुलेही ओरडून गातात. हेडफोन दिल्यास आवाज वाढविण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकण्याची सुरक्षित पातळी ७५ डेसिबल इतकीच आहे. ध्वनिक्षेपक मुलांच्या जवळ व मंद ठेवणे आणि रस्त्याकडील खिडक्या त्या तासापुरत्या बंद करणे हे कमी खर्चाचे उपाय होत.

दुसरी अडचण विलंबाची आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. इंटरनेटवर आवाजाला एक पंचमांश सेकंद उशीर झाला, तरी मूल मात्रेच्या दोन पंचमांश भागाने मागे पडते. २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे वर्ग ऑनलाइन झाले, तेव्हा एकत्र गाणे जवळजवळ अशक्य झाले ते यामुळेच. तालाचे शिक्षण प्रत्यक्ष टाळ्या वाजवूनच द्यावे लागते.

पुढील दिशा

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' व्यासपीठामुळे पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून गाणे थेट वर्गात ऐकविता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व अन्य विषय यांतील भेद कमी करण्यावर भर दिला. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तिसरीसाठी 'बांसुरी' हे कलाशिक्षणाचे पाठ्यपुस्तक काढले.

साधने आता स्वस्त झाली आहेत. एक मोबाइल आणि एक ध्वनिक्षेपक एवढ्यावर तास चालू शकतो. परंतु रेडिओ, उपग्रह आणि अॅप या तिन्हींच्या अनुभवातून एकच गोष्ट स्पष्ट होते. यंत्र स्थिर षड्ज देऊ शकते, उत्तम गायकाचा आवाज वर्गात आणू शकते आणि न थकता पुनरावृत्ती करू शकते. मागच्या बाकावरचे मूल गात नाही, हे मात्र शिक्षकाच्याच लक्षात येते. म्हणूनच प्राथमिक वर्गशिक्षकाला स्वर, ताल आणि पट्टी यांचे मूलभूत प्रशिक्षण मिळते की नाही, यावरच या साधनांचे यश अवलंबून राहणार आहे.