केईएममधील एक खोली आणि इच्छामरणाचा भारतीय इतिहास

१/
१८ मे २०१५. मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात न्यूमोनियाने एका स्त्रीचे निधन झाले. चार वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालास तिचे नाव लाभले होते आणि तो निकाल देशभरातील विधी महाविद्यालयांत अभ्यासला जात होता. तिला मात्र त्याची गंधवार्ता नव्हती. अरुणा रामचंद्र शानबाग ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणास खिळून होत्या. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी आणि त्यांच्या निमित्ताने देशाला पडलेल्या एका प्रश्नाविषयी.

२/
प्रथम तीन संज्ञा नीट वेगळ्या करू, कारण बहुतेक वाद त्यांच्या सरमिसळीतून जन्मतात.
निष्क्रिय इच्छामरण : व्हेंटिलेटरसारखे उपचार थांबवून मृत्यूला त्याच्या नैसर्गिक वाटेने येऊ देणे.
सक्रिय इच्छामरण : डॉक्टरने औषध देऊन मृत्यू घडवून आणणे.
साहाय्यित मृत्यू : डॉक्टरने साधन उपलब्ध करून देणे, अंतिम कृती रुग्णाने स्वतः करणे.
भारतात आज यांपैकी केवळ पहिला प्रकार कायदेशीर आहे, तोही अटींसह.

३/
आपल्या परंपरेला स्वेच्छेने स्वीकारलेला मृत्यू अपरिचित नव्हता. प्रायोपवेशन, जैनांची सल्लेखना, ज्ञानेश्वरांची आळंदीची संजीवन समाधी ही सारी त्याचीच रूपे. मात्र परंपरेने या मृत्यूला आत्महत्येपासून कटाक्षाने दूर ठेवले. नैराश्यातून वा क्रोधातून केलेला देहत्याग तिने निंद्य मानला. कर्तव्य संपल्यावर, शांत चित्ताने स्वीकारलेला मृत्यू वंद्य मानला. ही सीमारेषा ध्यानात ठेवा. पुढे न्यायालयांनाही तिच्याशीच झगडावे लागले.

४/
१९२८. साबरमती आश्रमातील एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. वाचण्याची आशा नव्हती. गांधीजींच्या संमतीने डॉक्टरने त्याला इंजेक्शन देऊन मृत्यू दिला. अहिंसेच्या उपासकाने गोवंशाचा जीव घेतला म्हणून देशभर गदारोळ उठला. गांधीजींनी उत्तर दिले : येथे मारणे हीच अहिंसा होती. हाच न्याय माणसाला लावाल का, या प्रश्नालाही त्यांनी बगल दिली नाही. तत्त्व दोन्हीकडे एकच, असे त्यांनी लिहिले.

५/
विचारांनी परस्परांपासून अत्यंत दूर असलेल्या दोन मराठी व्यक्तींनी मृत्यूच्या बाबतीत मात्र जवळपास एकच मार्ग पत्करला. सावरकरांनी ‘आत्महत्या आणि आत्मार्पण’ या लेखात या दोहोंतील भेद मांडला आणि २६ फेब्रुवारी १९६६ रोजी प्रायोपवेशनाने देह ठेवला. विनोबा भावे यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न व औषध नाकारले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार आश्रमात त्यांचे निधन झाले. दोघांवरही खटला भरला गेला नाही.

६/
वस्तुतः कायदा तर होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. कलम ३०६ नुसार त्यास साहाय्य करणे हा त्याहून गंभीर गुन्हा. ज्या इंग्लंडमधून ही दृष्टी आली, त्या देशाने १९६१ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न गुन्ह्यांच्या यादीतून वगळला. स्वतंत्र भारताने मात्र तो कायम ठेवला. थोरांच्या देहत्यागाला वंदन आणि सामान्याच्या अयशस्वी प्रयत्नाला तुरुंग, अशी ती विसंगती होती.

७/
या विषयावरील संघटित चळवळीचा आरंभही मुंबईतलाच. स्वतंत्र पक्षाचे नेते आणि संसदपटू मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. व्यक्तिस्वातंत्र्याचा आयुष्यभर पुरस्कार करणाऱ्या मसानींच्या लेखी आपल्या देहावरील उपचार नाकारण्याचा अधिकार हा त्या स्वातंत्र्याचाच अखेरचा अध्याय होता.

८/
न्यायालयातील पहिली मोठी लढाई मात्र एका पोलीस शिपायाच्या नावावर आहे. मारुती श्रीपती दुबळ मुंबई पोलीस दलात होते. रस्त्यावरील अपघातात डोक्याला इजा झाल्यानंतर त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. पत्नीला भाजीच्या दुकानाचा परवाना मिळावा म्हणून ते महापालिकेचे उंबरठे झिजवत होते. १९८५ मध्ये महापालिकेच्या कार्यालयाबाहेरच त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यांना वाचवण्यात आले आणि त्यांच्यावर खटला भरण्यात आला.

९/
सप्टेंबर १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत व न्या. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. युक्तिवाद असा : भाषणस्वातंत्र्यात मौनाचे स्वातंत्र्य अंतर्भूत असते, त्याचप्रमाणे जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्कही असतो. शिवाय मनाने खचलेल्या माणसाला उपचारांची गरज असते, शिक्षेची नव्हे. यातील दुसरा मुद्दा काळाच्या कसोटीवर उतरला. पहिला मात्र डळमळीत ठरला.

१०/
१९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हीच भूमिका घेतली. अवघ्या दोन वर्षांत, ग्यान कौर खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती उलटवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे पीठाने सांगितले. पण त्याच निकालात एक बारीक फट राहिली : सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरणे येते आणि मृत्यूची प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल, तर ती लांबवायची की नाही, हा निराळा प्रश्न आहे. पुढचा सारा इतिहास या फटीतून आत आला.

११/
आता मागे, १९७३ मध्ये येऊ. कर्नाटकातील हळदीपूरहून आलेली पंचविशीची अरुणा केईएममध्ये परिचारिका होती. त्याच रुग्णालयातील एका डॉक्टरशी तिचा विवाह ठरला होता. २७ नोव्हेंबरच्या सायंकाळी रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर लैंगिक हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली, तेव्हा जिवंत होती. पण पूर्वीची अरुणा परतलीच नाही.

१२/
आरोपीला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरीसाठी : सात वर्षे. लैंगिक अत्याचार आरोपपत्रात आलाच नाही. शिक्षा भोगून तो सुटला. ती खाटेवरच राहिली. मुंबईतील परिचारिकांनी संप पुकारून सुरक्षित कामाची मागणी केली. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न या शहरात तेव्हाच वेशीवर टांगला गेला होता.

१३/
पुढची चार दशके केईएमच्या परिचारिकांनी तिला आपली मानले. ४ क्रमांकाच्या वॉर्डालगतच्या खोलीत तिला भरवणे, न्हाऊ घालणे, कूस बदलणे हे काम एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवले. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत, हे शुश्रूषेतले असामान्य यश होय. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला अन्यत्र हलवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला.

१४/
१९९८ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणावर पुस्तक लिहिले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी : अरुणाला भरवणे थांबवावे आणि तिला शांतपणे जाऊ द्यावे. विराणींच्या दृष्टीने हे जगणे उरलेच नव्हते. ती केवळ न संपणारी शिक्षा होती. केईएमच्या परिचारिका आणि डॉक्टर याविरुद्ध ठाम उभे राहिले. ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू, अशी त्यांची भूमिका होती.

१५/
न्यायालयाने मुंबईतील तीन तज्ज्ञ डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवले. ती कोमात नव्हती, तिचा मेंदू मृत नव्हता. भोवतालची जाणीव मात्र जवळजवळ हरपली होती. आवडीनिवडी ती आवाजाने वा हालचालींनी दर्शवते, असे शुश्रूषा करणाऱ्यांचे म्हणणे होते. एकाच देहाकडे पाहणाऱ्या दोन प्रामाणिक नजरांना दोन भिन्न गोष्टी दिसत होत्या. खटल्याचे सारे शल्य येथेच आहे.

१६/
७ मार्च २०११. न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यान सुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नसून तिची सेवा करणाऱ्यांचा आहे, असे म्हटले. मात्र त्याच निकालाने निष्क्रिय इच्छामरणाला देशात प्रथमच वाट करून दिली : आप्त वा डॉक्टरांनी उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, न्यायालयाने डॉक्टरांचे मत घ्यावे आणि निर्णय द्यावा. केईएममध्ये मिठाई वाटली गेली.

१७/
येथे क्षणभर थांबू. विराणींची याचिका हरली, पण तिच्यामुळे कायदा बदलला. परिचारिका जिंकल्या, पण त्यांच्या सेवेचा मान राखणाऱ्या निकालानेच इतरांसाठी ते दार उघडले. एक पक्ष क्रूर आणि दुसरा दयाळू, अशी मांडणी येथे चालत नाही. दोन्हीकडे करुणाच होती. करुणेने नेमके काय करावे, यावर मतभेद होता.

१८/
२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की, अरुणा निकालात ग्यान कौरचा अर्थ नीट लावला गेला नव्हता. सबब प्रश्न घटनापीठाकडे जावा. ‘कॉमन कॉज’ या संस्थेची याचिका २००५ पासून प्रलंबित होती. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला : सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपण बोलू न शकल्यास कोणते उपचार नकोत, हे आगाऊ लिहून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच लिव्हिंग विल, वैध ठरले.

१९/
हक्क कागदावर मिळाला, पण वाट इतकी काटेरी होती की तीवरून चालणे जवळपास अशक्य होते. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही, मग वैद्यकीय मंडळे, मग पुन्हा दंडाधिकाऱ्यांची भेट. अतिदक्षता विभागात रुग्ण तासांवर जगत असतो, कचेऱ्या महिन्यांवर. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने अटी सैल केल्या : नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन पुरेसे, वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे. पुढील वर्षी गोव्यात उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून पायंडा पाडला.

२०/
दरम्यान कलम ३०९ चेही दिवस भरले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देऊ पाहणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरून तिच्यावरील उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरले नाही. अपवाद एकच : लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न. महापालिकेच्या दारात उभे असलेले मारुती दुबळ आठवले ना?

२१/
मग साहाय्यित मृत्यूचे काय? अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात तो १९९७ पासून अमलात आहे. नेदरलँड्स व बेल्जियमने २००२ मध्ये आणि कॅनडाने २०१६ मध्ये त्यापुढचा टप्पा गाठला. समर्थकांचा मुद्दा वजनदार आहे : ज्याच्या नाकात नळी आहे, त्याला ती काढण्याचा हक्क आहे, पण हाडांपर्यंत पोहोचलेल्या कर्करोगाने तळमळणाऱ्याला, केवळ तो यंत्रावर नाही म्हणून, तोच हक्क का नसावा? हा भेद नैतिक आहे की निव्वळ तांत्रिक?

२२/
विरोधकांचा मुद्दाही तितकाच वजनदार. आपल्याकडे दीर्घ आजार म्हणजे अनेक घरांत कर्ज आणि विकलेली जमीन. “माझे ओझे नको तुम्हाला,” हे वाक्य म्हातारी माणसे सहज बोलून जातात. तो निर्णय असतो की शरमिंदेपणा, हे सही घेणारा अधिकारी कसे ओळखणार? वेदनाशमनाचे उपचार, मॉर्फिनसारखी साधी औषधेही जिथे सर्वांपर्यंत पोहोचत नाहीत, तिथे मृत्यू हा ‘पर्याय’ म्हणून पुढे करणे कितपत न्याय्य?

२३/
माझे मत स्पष्ट लिहितो. तत्त्व म्हणून साहाय्यित मृत्यूची मागणी मला अयोग्य वाटत नाही. गांधीजींचा युक्तिवाद आजही खोडता आलेला नाही. पण निवड खरी ठरते ती दुसरी वाट खुली असेल तेव्हाच. वेदनाशमन तालुक्यापर्यंत पोहोचणे आणि इच्छापत्र रेशनकार्डाइतके परिचित होणे या दोन गोष्टी आधी घडाव्यात. तोवर तो कायदा सबळांना स्वातंत्र्य देईल आणि दुर्बळांना कोपऱ्यात लोटेल, अशी मला धास्ती आहे.

२४/
या इतिहासातून शेवटी एकच प्रश्न उरतो : ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने कोणी बोलावे? विराणी बोलल्या, परिचारिका बोलल्या, न्यायमूर्ती बोलले. अरुणाला काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंचविशीच्या मुलीला ते कोणी विचारलेही नसते. आज रात्री जेवताना घरी हा विषय काढून पाहा. आजीला, बाबांना विचारा. अवघडल्यासारखे होईल, पण विचारा.

थ्रेड समाप्त. आपले मत, विशेषतः विरोधी मत, खाली अवश्य मांडा.